टेम्पोचा वार सांगा : विदर्भातल्या जिल्हा परिषदांना खुलं पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
विदर्भातल्या अकराही जिल्हा परिषदा,
आणि त्यांच्या पाणी व स्वच्छता विभागातले सगळे साहेब-मॅडम

विषय : गावात गोळा झालेला सुका कचरा गावाबाहेर नेण्याबाबत.

महोदय, महोदया,

यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन हजार वस्तीच्या एका गावात मी महिला बचत गटाची सचिव आहे. आमचा गट गावातलं प्लास्टिक, पुठ्ठा, बाटल्या गोळा करतो, निवडतो आणि विकतो. जे विकलं जात नाही ते ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये पडून राहतं. त्या पडून राहिलेल्या ढिगाबद्दल हे पत्र आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की चौकशी गावाची होईल, ढिगाची होणार नाही.

स्वच्छ भारत मिशनचा (ग्रामीण) दुसरा टप्पा २०२० मध्ये आला. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत, असा हिशेब ठरला. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा. म्हणजे आमच्यासारख्या गावाला घनकचऱ्याचे झाले १ लाख २० हजार. त्यात डबे, शेड, खताच्या टाक्या, गाडी, सगळं बसवायचं. पैसा थोडा आहे ही माझी तक्रार नाही. तो एकदाच येतो आणि वस्तूंवरच खर्च होतो, ही आहे. वस्तू आली, फोटो निघाला, अक्षांश-रेखांशासकट ॲपवर चढला, गाव ‘मॉडेल’ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं कुलूप कोणी उघडायचं, हे मात्र कोणत्याच कागदावर नाही.

शहरातला निम्म्याहून जास्त कचरा ओला असतो. रोज उचलला नाही तर वास सुटतो, म्हणून तिथे घंटागाडी रोज लागते. खेड्यात ओलं घरच्या घरी जिरतं. सालपटं-देठं बकरी खाते, उरलंसुरलं गाय नाहीतर कुत्रं खातं, राख आणि झाडलोट उकिरड्यावर जाते. उरतं ते कोरडं, आणि कोरडं नासत नाही. पंधरा दिवस पोत्यात राहिलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. असं असूनही आम्हाला मिळाली ती रोज दारोदार फिरायची गाडी, बॅटरीवर चालणारी. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत तिची चाकं रुततात. चार्जिंगचं बिल कोणी भरायचं यावर मासिक सभेत भांडण होतं. बॅटरीनं मान टाकली की गाडी ग्रामपंचायतीच्या मागे लिंबाखाली उभी. तालुक्याला जाताना रस्त्यालगतच्या गावांत डोकावून पाहा, अशा किती उभ्या आहेत ते.

प्रशिक्षणातही तेच. पडद्यावर शहरातल्या सोसायटीतली बाई दोन रंगांच्या डब्यांत कचरा टाकताना दाखवली. आमच्या गटातली एक म्हातारी मला हळूच म्हणाली, ‘‘सालपट तं बकरीनं खाल्लं बाई, आता हिरव्या डब्यात टाकू काय?’’ तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच्या सरांकडे नव्हतं.

खताच्या टाक्यांचं तर मला हसू येतं आणि रागही येतो. नाडेप पद्धत जगभर गेली, पण ती निघाली आमच्या जिल्ह्यातून. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीला भोकं ठेवलेली टाकी. शेतातला पालापाचोळा, थोडं शेण आणि चाळलेली माती थरावर थर देऊन भरायची, वरून शेणमातीनं लिंपायची. तीन-चार महिन्यांत खत. थोड्या शेणात पुष्कळ खत करणं हीच तिची खुबी, आणि जनावरं कमी झालेल्या आजच्या गावाला नेमकं तेच पाहिजे. पण टाकी बांधली जाते ती गावाच्या टोकाला, ग्रामपंचायतीच्या जागेवर. घरचं शेण आणि धुऱ्यावरचा कचरा तिथवर कोण नेणार? तिकडे वावरात कपाशीची वाळलेली पऱ्हाटी पेटवली जाते आणि इकडे टाकीत बाभळी उगवतात. टाकी वावरात नाहीतर कोठ्याजवळ बांधू द्या. रोजगार हमीतून ती बसत आलेली आहे. मग ओल्या कचऱ्याचा विषय तुमच्या फाइलीतून काढून टाका, तो आमचं आम्ही पाहू.

आमचा खरा प्रश्न पन्नी आहे, म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी. उकिरड्यात शेणाबरोबर पन्नी जाते, उन्हाळ्यात खत वावरात पडतं तेव्हा तीही जाते. वखर चालवताना ती फासेला गुंडाळते, गडी दर तासाला थांबून ती सोडवत बसतो. मग कापूस फुटतो, वेचणीत बोंडाबरोबर पन्नीचा तुकडा येतो, आणि जिनिंगवर कापसात प्लास्टिक दिसलं की भाव पाडायला निमित्त मिळतं. गाईच्या पोटात जाते ते वेगळंच. आणि उरलेली ई-क्लासवर जाते, तिथे संध्याकाळी कोणीतरी काडी लावतो. जनावरं चारायची जमीन ती.

आता खर्रा. तुमच्यापैकी जे बाहेरून इथे बदलून आलेत त्यांच्यासाठी सांगते. बारीक कातरलेली सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना हे सगळं ठेलेवाला जाड पन्नीत घेतो, पाटीवर घासघासून घोटतो आणि तळहाताएवढ्या पातळ पन्नीत पुडी बांधून देतो. राज्यात सुगंधित तंबाखूवर बंदी आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. खर्रा दोन्ही बंद्या खिशात घालून गावभर फिरतो. आमच्या नाल्या उपसल्या की चिखलापेक्षा या पुड्याच जास्त निघतात. पहिला दमदार पाऊस आला की नाली तुंबते आणि पाणी बौद्धपुऱ्यातल्या घरांत शिरतं, कारण उतार तिकडे आहे. खर्रा खातो कोण आणि पाणी उपसतो कोण, हे तुम्हीच पाहा.

ठेलेवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘‘कागदात बांधला तं वाळते ना ताई, मंग गिऱ्हाईक घेत नाई.’’ तो खोटं बोलत नाही. दंड करा म्हणावं तर पथक येण्याआधी फोन येतो. आम्ही एवढंच पाहिलं की खर्रा खाणारा दिवसातून चार वेळा त्याच ठेल्यावर येतो. दोन ठेल्यांवर तेलाचे रिकामे पिपे ठेवले आणि ठेलेवाल्यांना पटवलं की नवी पुडी देताना जुनी पन्नी पिप्यात टाकायला सांगायची. सगळे टाकत नाहीत. पण त्या ठेल्यांसमोरची नाली आता दिसते तरी. त्याला पैसा लागला नाही, पोस्टरही लागलं नाही. लागले दोन पिपे आणि ठेलेवाल्याशी घातलेली थोडी हुज्जत.

पण पिपा भरला की पुढे काय? इथे गाडं अडतं.

कबाडी लोखंड घेतो, पुठ्ठा घेतो, पाण्याच्या बाटल्या घेतो, ठिबकच्या जुन्या नळ्या तर हसत घेतो. केसांवर भांडी देणारी बाईसुद्धा गावात येते. खर्र्याची पन्नी, वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल यांना मात्र कोणी हात लावत नाही. पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं कोणालाच परवडत नाही. काचेचे पव्वेही नको असतात, वजन जास्त आणि भाव कमी. (दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात माझं माहेर आहे. तिथल्या नाल्यांत पव्वे आमच्यापेक्षा कमी निघतात असं मला तरी दिसलेलं नाही.)

या न विकल्या जाणाऱ्या मालाला एक जागा आहे. सिमेंटच्या भट्टीत तो कोळशाबरोबर जळतो. भट्टीचं तापमान १,४०० अंशांच्या घरात असतं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. हा काही फार अभिमानाचा उपाय नाही. जे बनायलाच नको होतं ते जाळायची सोय एवढाच त्याचा अर्थ. तरी ई-क्लासवर धुमसत ठेवण्यापेक्षा लाखपट बरा. आणि भट्ट्या दूर नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, इकडे घुग्घुस, हा सगळा सिमेंटचाच पट्टा. पण कारखान्याला माल टनावारी लागतो, कोरडा लागतो आणि ठरल्या वेळी लागतो. दोन हजार वस्तीच्या गावातली बाई दोन पोती घेऊन गेटवर उभी राहिली तर वॉचमन तिला आत सोडणार नाही. जिल्हा परिषदेचं पत्र गेलं तर चहा मिळेल. करार तुम्ही करा. प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी ते परत गोळा करायची जबाबदारी घ्यावी असा नियमही आहे. त्या हिशेबातला पैसा नोंदणीकृत कारखान्यांच्या प्रमाणपत्रांतून फिरतो, निवडणाऱ्या बाईपर्यंत येत नाही. तो कसा आणायचा हे तुमच्याकडच्या हुशार लोकांनी बसून पाहावं.

दुसरी अडचण वजनाची. पन्नीचं पोतं हातात घेऊन पाहा. दिसायला टम्म फुगलेलं, वजन काहीच नाही. छोटा हत्ती काठोकाठ भरून तालुक्याला नेला तरी काट्यावर डिझेलपुरते पैसे उभे राहत नाहीत. दाबून गठ्ठे बांधले तर त्याच गाडीत कितीतरी पट माल मावतो. म्हणूनच तुमच्या योजनेत प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. कल्पना अगदी बरोबर आहे. आमच्या बाजूच्या तालुक्यात ते उभंही राहिलं. तुकडे करायचं यंत्र आहे, दाबयंत्र आहे, बोर्ड आहे. गावागावांतून माल तिथवर कोणी आणायचा, एवढंच ठरवायचं राहून गेलं. युनिटवाले म्हणतात माल येत नाही. गावं म्हणतात टेम्पो येत नाही.

साहेब, माझं मागणं एवढंच आहे : टेम्पो द्या. प्रत्येक गावाला गाडी नको, तालुक्याला एक टेम्पो द्या, आणि त्याचा वार ठरवून द्या. दिवसाला सहा गावं धरली तर पंधरवड्यातल्या बारा कामाच्या दिवसांत बहात्तर गावं होतात. लहान पोड, तांडे यांच्यासाठी आठवडी बाजाराचं गाव धरा. बाजाराला माणूस येतोच, येताना ऑटोत एक पोतं टाकून आणेल. बाजाराच्या गावात एका कोपऱ्यात वजनकाटा आणि एक माणूस पुरे.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी बंधित ठेवला, त्यातला अर्धा पाण्याचा, अर्धा स्वच्छतेचा. स्वच्छतेचा कुठे गेला ते कोणत्याही गावात जाऊन पाहा : बहुतेक नाली बांधकामात. नालीत ठेकेदार असतो, टेम्पोत नसतो. हा पैसा गावोगाव सुटा सुटा खर्च न करता तालुक्याच्या टेम्पोसाठी एकत्र करायचा असेल तर ग्रामपंचायतींना तसं कोणीतरी लेखी सांगावं लागतं. ग्रामसेवक भाऊ तोंडी सांगण्यावर सही करत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, ऑडिट त्यांना द्यायचं असतं.

मजुरीचं मी शेवटी लिहिणार होते, पण आताच लिहिते. आमच्याकडे निंदणाला गेलं तर रोज मिळतो. वेचणीच्या दिवसांत किलोवर पैसे मिळतात. शेडमध्ये बसून दुसऱ्याच्या घरचं डायपर बाजूला काढायला मात्र ‘श्रमदान’ म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला वेचणी जोरात आली की आमचं निवडणं थांबतं, आणि तालुक्यावरून विचारणा येते की महिलांचा उत्साह कमी का झाला. उत्साह कापसात गेला साहेब, तिथे त्याला भाव आहे. विकलेल्या मालाचे पैसे गट वाटून घेतो, पण न विकणारी पन्नी निवडायला तितकाच वेळ लागतो आणि तिचा एक रुपया येत नाही. ती निवडणं हे सार्वजनिक काम आहे, त्याची मजुरी सार्वजनिक पैशातूनच निघाली पाहिजे. सोबत जाड हातमोजे द्या. फुटका पव्वा पातळ हातमोज्यातून सरळ आत जातो.

यावर गाडगेबाबांचं नाव सांगितलं जातं. २०००-०१ पासून त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आहे, बक्षिसं आहेत. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, आमच्याच मुलखातले. ते गाव झाडत ते स्वतःच्या मर्जीनं, आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला सडकून झापत. त्यांच्या नावानं बाईला फुकट राबवून घ्यायचं आणि झापायचं मात्र कोणालाच नाही, हे कुठल्या परंपरेत बसतं मला माहीत नाही.

कचरा कमी करण्याचं एक काम आम्ही केलंय, त्यात तुमच्याकडून फार काही नको, पण ते दुसऱ्या गावांना सांगण्यासारखं आहे. गावात कचऱ्याचा डोंगर होतो तो लग्नात, तेरवीत, भंडाऱ्यात आणि गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या महाप्रसादाला. दोन तासांत थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे गिलास, द्रोण यांचा जो खच पडतो तो वारा आला की थेट वावरात. गटानं कर्ज काढून पाचशे माणसांची स्टीलची ताटं, वाट्या, गिलास घेतले आणि भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा कोणी नेईना. आचारी म्हणे, घासायला बाया कुठून आणू? मग भाड्यातच घासणं धरलं : गटातल्या बाया जातात, मोजून देतात, घासून, मोजून परत आणतात. हरवलं तर अनामत कापतो. पहिल्या तेरवीत गिलास कमी भरले तेव्हा पाटलांच्या घरासमोर चांगला तमाशा झाला, तेव्हापासून मोजणी सगळ्यांसमोर होते. घरधन्याला हिशेब पटला, कारण फेकायच्या पत्रावळीलाही पैसे लागतातच.

यातली खरी अडचण मे महिन्यात येते. लग्नं तेव्हाच आणि विहीर आटते तेव्हाच. पाचशे ताटं घासायला पाणी कुठलं? गाव टँकरची वाट बघत असताना ताटं धुणं शोभतही नाही. त्या दिवसांत आम्ही पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर येतो. वैशाखात पळसाला नवं, मोठं पान असतंच. पूर्वी प्रत्येक घरी म्हाताऱ्या माणसाला पत्रावळी लावता यायच्या, आता यंत्रावर दाबून घेतो. जेवण झालं की पत्रावळ गाई खातात, उरलेली उकिरड्यात. सुगीच्या वेळी स्टील, टंचाईत पळस, असं चाललंय. तुम्ही एवढं करा : तुमच्याच पंचायत समितीच्या आमसभेत आणि कार्यशाळेत दुपारचं जेवण थर्माकोलमध्ये वाढू नका. केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आहे, आणि स्वच्छतेवरचं व्याख्यान ऐकून बाहेर आलं की दाराशी तोच ढीग असतो.

फवारणीच्या डब्यांबद्दल दोनच ओळी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. तेच रिकामे डबे आजही नाल्यात पडतात, कबाड्याच्या पोत्यात जातात, एखाद्या घरात पाणी भरायलाही वापरले जातात. ते आमच्या शेडमध्ये घ्यायला मी गटाला साफ मनाई केली आहे. हा कचरा ज्या कृषी केंद्रातून आला तिथेच परत गेला पाहिजे, आणि ते तुमच्या कृषी विभागानं करून घेतलं पाहिजे. बचत गटाच्या बायांच्या हाताला तो लावू नका.

आता राहिली तपासणी. गाव मॉडेल आहे की नाही हे ठरवायचं तर फोटो बाजूला ठेवा आणि वजनकाट्याची पावती मागा. किती किलो माल गावाबाहेर गेला, कोणत्या तारखेला, कोणी नेला. फोटोत शेड दरवर्षी स्वच्छच दिसतं, तपासणीच्या आदल्या दिवशी आतला ढीग कुठे जातो हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. पावती मागितली तर मालाला वाट काढावीच लागेल, गावालाही आणि तुम्हालाही.

या पत्राला उत्तर म्हणून ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ असा शेरा मारून ते खाली गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथून विस्तार अधिकाऱ्यांकडे आणि तिथून परत आमच्याच ग्रामपंचायतीकडे पाठवू नका. तो प्रवास मी पाहिलेला आहे. तालुक्याचा टेम्पो कोणत्या वारी येणार आणि ड्रायव्हरचा फोन नंबर काय, एवढं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून द्या. पोती बांधून तयार आहेत.

आपली,
एका बचत गटाची सचिव,
जिल्हा यवतमाळ

ता. क. : निळे-हिरवे डबे आणखी पाठवू नका. मागच्या खेपेचे घरोघरी तूर आणि ज्वारी ठेवायला वापरतात. झाकण घट्ट बसतं, उंदीर लागत नाही. डबे उत्तम आहेत.